पंधरा इंची पेटी

विषय : कु. निवेदिता हिच्या बास गिटारसाठी अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकरची पेटी निवडणेबाबत.

संदर्भ : घरातील शांतता.

उपरोक्त विषयी सविनय निवेदन असे की, माझी सगळी नोकरी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात, हिंदीत, दुसऱ्यांचे अर्ज अडवण्यात गेली आणि त्या कामात मला बऱ्यापैकी नाव होतं. काशीतल्या आमच्यासारख्या मराठी घरांत मराठी उंबऱ्याच्या आतच राहते. भाजीवाल्याशी, बँकेशी आणि देवळातल्या पंड्याशी आम्ही हिंदीत भांडतो. त्यामुळे एखादी गोष्ट मी मराठीत लिहायला घेतली, तर ती घरातली आहे एवढं वाचणाऱ्यानं ध्यानात घ्यावं.

निवेदिता ही आमची एकुलती एक मुलगी. ख्याल गायची, मुलींच्या एका शाळेत संगीत शिकवायची. मागच्या वर्षी तिच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ निरुपद्रवी निघाली, पण काढताना आवाजाची नस दुखावली आणि त्या दिवसापासून तिच्याकडे कुजबुज तेवढी उरली. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. ज्याला दुसरं काही देता येत नाही तो वेळ द्यायला सांगतो. आमच्या विभागात यालाच ‘विचाराधीन’ म्हणत. शाळेनं तिच्या जागी तात्पुरती दुसरी बाई नेमली. निवेदितानं तानपुऱ्याला गवसणी घातली, ती पुन्हा काढली नाही, आणि हळूहळू कुजबुजणंही सोडत चालली. घरात भांड्यांचा आवाज मोठा वाटू लागला, तेव्हा मला आणि हिला, म्हणजे प्रेमलाला, शांतता म्हणजे काय ते कळलं.

अशात एका संध्याकाळी निवेदिता एक बास गिटार घेऊन आली. शाळेतल्या मैत्रिणीचा भाऊ नोकरीसाठी बंगळूरला निघाला होता, त्याची होती. लांब मान, दोरखंडासारख्या जाड चार तारा. निवेदिता तारा छेडायची, तारा थरथरताना दिसायच्या आणि ऐकू मात्र काहीच यायचं नाही.

“अहो,” प्रेमला स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, “मुकीनं मुकी आणली की हो घरात.”

रात्रीच्या जेवणात निवेदितानं मान वर केली आणि कुजबुजली, “बाबा, हिला अ‍ॅम्प लागतो. आणि कॅबिनेट.”

ऑपरेशननंतर तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. हीही फुकट गेली तर गिटारलाही गवसणी चढेल आणि यापुढे ती काहीच मागणार नाही, हे मला भाताचा घास हातात असतानाच कळलं. सरकारात टाचणी घ्यायची तरी तीन ठिकाणांहून भाव मागवतात. मी दुसऱ्याच दिवशी निवेदिताला घेऊन लहुराबीरच्या बाजारात गेलो आणि वाद्यांच्या पहिल्याच दुकानात शिरलो.

दुकानाचे मालक विश्वजीतबाबू जन्मानं बंगाली, तोंडानं बनारसी. गालात पान असल्यामुळे त्यांची हनुवटी सदैव आकाशाकडे असे. “देखिए चाचाजी,” ते छताला उद्देशून म्हणाले, “ऐम्प का हेड अलग, कैबिनेट अलग. हेड माने दिमाग, कैबिनेट माने पेट.”

आमच्याकडे राज्यकारभारात दोन्ही ठिकाणी पोटच असतं, असं मी म्हणणार होतो. पण निवेदिता शेजारी उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी उत्सुकता होती, म्हणून गप्प बसलो.

“और बास कान से नहीं सुनाई देता. जिस पर आप बैठे हैं न, उससे सुनाई देता है. दुकान में क्या पता चलेगा? घर ले जाइए, बजाइए. नहीं जमा तो बदल देंगे. कमरा बताएगा.”

खोली सांगेल, हे त्यांचं म्हणणं मला तेव्हा विक्रेत्याचं बोलणं वाटलं.

आमचं घर मंगला गौरीच्या देवळामागच्या गल्लीत. तळमजल्यावर एक लांब खोली आहे, तिला अजूनही पाठाची खोली म्हणतात. माझे वडील, यज्ञेश्वरशास्त्री, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, तिथं मुलांना ऋग्वेद शिकवायचे. पुस्तक नाही, फळा नाही, संथा. गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यांनी दोनदा. चुकलं तर गुरू रागवत नाही, पुन्हा एकदा म्हणतो, आणि शिष्य पुन्हा दोनदा. बरोबर आलं की अण्णा “हं” म्हणायचे आणि पुढचा चरण घ्यायचे; याहून लांब शाबासकी त्यांनी जन्मात कुणाला दिली नाही. मुलींना मात्र संथा नाही, हा नियम त्यांनी सख्ख्या नातीसाठीही मोडला नाही. ते गेले तेव्हा निवेदिता कॉलेजात होती. त्यानंतर खोलीत सायकल, गहू आणि पाहुण्यांच्या गाद्या असत. आवाज करायचं सामान ठेवायला दुसरी जागाच नव्हती.

पहिली पेटी दहा इंची स्पीकरांची होती. ती आणताना हमालाची आणि गल्लीतल्या सांडाची समोरासमोर गाठ पडली. सांडानं पेटी हुंगली, विचार केला आणि वाट दिली. निवेदितानं वायर जोडली, बटण फिरवलं, एक स्वर वाजवला. खिडकीचं तावदान थरारलं. मला तेवढ्यानंच गहिवरून आलं. मी ताबडतोब मंजुरी दिली.

पण ती पेटीच्या जाळीला कान लावून बसली होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, “खालचं नीट येत नाहीये.”

मग बारा इंची आली. पेटी मोठी, तिचा बाऊ मोठा, हमालाची कुरकुरही मोठी. शेजारच्या खोलीत मी पेपर वाचत बसे आणि भिंतीतून तिचा रियाझ ऐके. आधी एक ओळ हलकेच वाजे, अगदी तीन-चार स्वरांची. मग तीच ओळ ठसठशीत, दोन वेळा. मला बरं वाटलं. आधी कच्चा मसुदा, मग स्वच्छ प्रत आणि तिची नक्कल. मुलीनं बापाचा एक तरी गुण उचलला होता.

चार दिवसांनी ती पुन्हा म्हणाली, “अजून खालचं पाहिजे, बाबा. अर्धवट कळतंय.”

“बिटिया को नीचे चाहिए क्या?” विश्वजीतबाबूंनी पान थुंकून विचारलं आणि मागच्या अंगाला गेले. तिथं त्यांनी एकच मोठा, पंधरा इंचांचा स्पीकर असलेली पेटी दाखवली. नवी, अजून पुठ्ठ्यातली. “इससे नीचे फिर गंगाजी हैं.”

पंधरा इंची आली आणि निवेदिता जाळीला कान लावून बसली आणि हसली. आम्ही दोघं दारात उभे होतो. प्रेमलानं माझा दंड घट्ट धरला. मुलीच्या हसण्याला आवाज नव्हता, पण हसणं पुरतं होतं. पेटीची निवड झाली. कायद्यानं हे टिपण इथंच संपायला हवं होतं.

त्यानंतर कधीतरी दुपारी मी चष्म्याचं घर शोधत पाठाच्या खोलीच्या दारात गेलो. आतून ती हलकी पहिली ओळ येत होती. निवेदिता जमिनीवर मांडी घालून पेटीसमोर बसली होती, गिटार मांडीत होती आणि तिचे दोन्ही हात गिटारच्या अंगावर सपाट टेकलेले होते, झोपलेल्या मुलाच्या पाठीवर टेकावेत तसे. ओळ संपली. मग तिनं बोटं तारांवर नेली आणि तीच ओळ वाजवली. दोनदा. हात पुन्हा टेकले. पेटीतून पुढची ओळ आली.

मी चष्म्याचं घर न शोधताच परत फिरलो. हल्ली यंत्रांत काय काय भरलेलं असतं, आपल्याला काय कळतंय, असं मी स्वतःला सांगितलं. हे उत्तर समाधानकारक आहे. मी ते पेन्शन कार्यालयाच्या बाबतीतही वापरतो.

प्रेमलाला मी यातलं काही बोललो नाही. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अंगणातल्या नळाकडे जायचं तर पाठाच्या खोलीच्या दारावरून जावं लागतं. हातात बादली असो की धुणं, त्या दारापाशी आली की ती डोक्यावरून पदर घ्यायची, नजर खाली करायची आणि दार ओलांडलं की पदर पुन्हा खांद्यावर. अण्णा पाठ घेत असताना ती अशीच जायची. नंतर इतकी वर्षं तिनं डोक्यावर पदर घेतलेला मी देवळाखेरीज कुठं पाहिला नव्हता.

“हे पदराचं काय चाललंय?” मी विचारलं.

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. “ऊन लागतं,” ती म्हणाली.

आमच्या गल्लीत ऊन लागायचं तर समोरची चारमजली घरं पाडावी लागतील. मी विषय बंद केला.

ढुंढिराजशास्त्र्यांना मात्र विषय बंद करता येत नाही. हे अण्णांचे जुने विद्यार्थी, वयानं माझ्याहून मोठे, स्वभावानं माझ्या नातवासारखे, म्हणजे असता तर. रोज सकाळी मंगला गौरीचं दर्शन घेऊन आमच्या गल्लीतून परततात. त्या दिवशी मी ओट्यावर दाढी करत होतो. आतून पहिली ओळ आली आणि ढुंढिराजशास्त्री होते तिथं, एक पाय उचललेला असा, थांबले. त्यांचे ओठ हलले. एकदा आणि पुन्हा एकदा, आतल्या गिटारच्या बरोबरीनं. मग पाय खाली आला.

“पाठ कोण घेतंय?” त्यांनी विचारलं.

“पाठ नाही हो. निवेदिता गिटार वाजवतेय.”

“दोनदा ती वाजवतेय, ते मला कळलं. एकदा कोण?”

मी साबणाचा ब्रश वाटीत बुडवला, बराच वेळ घोळवला. “पेटीचा आवाज आहे,” मी म्हटलं.

ते कान देऊन ऐकत राहिले. पुढची ओळ, पुन्हा दोनदा. मधे एकदा निवेदिता चुकली असावी, कारण आतली ओळ तशीच, तेवढ्याच शांतपणे, पुन्हा आली. ढुंढिराजशास्त्र्यांचा चेहरा बदलला. मला वाटलं, म्हातारा घाबरला.

“मुलीला?” ते कडाडले. “अहो, शास्त्र काय, परंपरा काय! माझ्या थोरल्या बहिणीला या उंबऱ्यावर बसू दिलं नव्हतं, आणि आता थेट समोर बसवून? आणि या पाव्हण्या वाद्यावर? अक्षरं नाहीत, पण स्वर सगळे जागच्या जागी आहेत, वर, खाली, मधे. हे बरोबर नाही. सांगा त्यांना.”

“कुणाला?”

ते माझ्याकडे रागानं पाहत राहिले, जसं काही मीच वेड पांघरतोय, आणि तरातरा निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा ओट्यापाशी रेंगाळले. तिसऱ्या दिवशी प्रेमलानं न विचारता त्यांच्यासाठी पाट बाहेर ठेवला. आता ते रोज बसतात. “तपासतोय,” असं सांगतात. डोळे मिटून ओठ हलवतात आणि मधूनच आपली चूक झाल्यासारखे दचकतात.

विश्वजीतबाबूंना मी मुद्दाम बोलावून घेतलं. ग्राहकाची तक्रार अशी मांडली की, पेटीतून आधीच आवाज येतो, नंतर वाजवावं लागतं. त्यांनी ती व्यवसायाला शोभेल इतक्या गांभीर्यानं ऐकली. “कुछ नहीं, लूपर लगा होगा. बजाया हुआ याद रखता है, फिर सुनाता है.” ते खोलीत आले, हेडच्या मागे वाकून पाहिलं. निवेदिता बाजूला सरकून बसली, मोठ्या माणसांचं काम चाललेलं असताना मुलं बसतात तशी. लूपर नव्हता. त्यांनी एक बटण बंद केलं, दुसरं केलं, भिंतीतला प्लग काढला आणि शेवटी हेडपासून पेटीपर्यंत जाणारी जाड वायर दोन्ही टोकांनी उपसून हातात घेतली.

पेटीतून ओळ आली. शांत, खालच्या पट्टीतली, चार स्वरांची.

निवेदितानं गिटार वाजवली. वीज नव्हती, म्हणून नुसत्या तारांचा खरखरीत, जेमतेम ऐकू येणारा आवाज. दोनदा.

विश्वजीतबाबू वायरीकडे पाहत उभे होते. “चाचाजी,” ते म्हणाले, आणि त्यांची हनुवटी मी पहिल्यांदाच खाली आलेली पाहिली, “तार तो मेरे हाथ में है.”

“दिसतंय मला,” मी मराठीतच म्हणालो.

प्रेमलानं त्यांना चहा दिला. त्यांनी तो बाहेर ओट्यावर, ढुंढिराजशास्त्र्यांच्या शेजारी बसून घेतला. जाताना चपला घालता घालता त्यांनी पाठाच्या खोलीच्या दिशेनं हात जोडले, आपण काय केलं ते बघून ओशाळले आणि मला म्हणाले, “इसे बदलने मत लाइएगा. कमरे ने बता दिया.”

आता मी सांगायला हवं की त्या दिवसांत घर आनंदात होतं. निवेदिता जेवायला वेळेवर येई, पोळी मागून घेई, आईच्या भाजीला नावं ठेवणारी चिठ्ठी फ्रीजवर लावी. बाकी जे काही चाललं होतं ते मी विचाराधीन ठेवलं होतं. मुलगी जेवते आहे म्हटल्यावर कुठला बाप चौकशी समिती नेमतो?

मग एका सकाळी, पहिली ओळ आली, तिनं ती वाजवली, आणि दुसऱ्यांदा वाजवताना तारांबरोबर आणखी काहीतरी आलं. स्वयंपाकघरात फोडणीतली मोहरी तडतडून जळून गेली आणि कुणी हलवली नाही. आवाज होता. खरबरीत, पूर्वीच्या तिच्या आवाजापेक्षा बराच खालचा, पण स्वरावर नीट बसलेला. प्रेमला आणि मी खोलीच्या दाराच्या दोन बाजूंना भिंतीला टेकून उभे राहिलो. मी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छ होता.

दिवसागणिक आवाज वाढत गेला. डॉक्टरांनी गळ्यात नळी घालून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, “मैंने कहा था न, समय दीजिए.” सरकारी पद्धतच ही, ज्यानं काही केलं नाही त्याचं नाव कोनशिलेवर. निवेदिता आता बोलू लागली होती. फोनवर मैत्रिणींशी, ओट्यावर ढुंढिराजशास्त्र्यांशी. “काका, तिसरा स्वर तुम्ही चढा घेता,” असं तिनं एकदा त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, “गुरुजीही हेच म्हणायचे.”

त्याच सुमारास, एका दुपारी, आम्ही तिघं जेवत होतो. प्रेमला वाढत होती. “वरणात मीठ बरोबर आहे ना गं?” तिनं विचारलं.

निवेदितानं पानावरून मान वर न करता, त्या नव्या खालच्या आवाजात म्हटलं, “हं.”

प्रेमलाच्या एका हातात पळी होती. दुसऱ्या हातानं तिनं डोक्यावरून पदर पुढे ओढला, नजर खाली केली आणि दोन पावलं मागे सरली.

वरणाचा एक थेंब पळीवरून फरशीवर पडला.

“आई? काय झालं?” निवेदिता म्हणाली. आता ती आमचीच मुलगी होती, ओठाला भाताचं शीत लागलेली.

“कुठं काय,” प्रेमला म्हणाली. पदर खांद्यावर घेतला आणि तिच्या पानात आणखी भात वाढला.

शाळेनं संगीत शिक्षिकेची जागा कायमस्वरूपी भरायचं ठरवलं. निवेदितानं अर्ज केला. मी तो तपासला, कारण घरात अर्ज भरला जात असताना मला दुसरं काही सुचत नाही. शिक्षणाच्या रकान्यात तिनं आधी ख्याल शिकवणाऱ्या बाईंचं नाव लिहिलं होतं. त्याखाली, आपल्या गोल अक्षरात, अण्णांचं : यज्ञेश्वरशास्त्री. शिक्षणाचा कालावधी विचारला होता, तिथं लिहिलं होतं : चालू.

अनुस्वार राहिला म्हणून मी आयुष्यभर लोकांचे अर्ज परत केले. हा मात्र मी घडी घालून पाकिटात टाकला.

मुलाखत उत्तम झाली. तिनं गायलंसुद्धा, मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, असा खर्जाचा आवाज मुलींनी ऐकायला हवा. जागा तिचीच होती. फक्त शाळेच्या कार्यालयातून एक शंका आली : दुसऱ्या गुरूंकडे शिक्षण चालू असल्याचं त्यांचं अलीकडच्या तारखेचं प्रमाणपत्र जोडावं. शंका रास्त होती. त्या क्लार्कच्या खुर्चीत मी असतो तर हीच काढली असती.

“दुसरं नाव खोडून टाक,” मी निवेदिताला म्हणालो. “एक रेघ आणि खाली सही, एवढ्यानं भागतं. उद्यापासून वर्गावर जाशील. वर्षभर याचीच वाट पाहिलीस ना?”

“पाहिली.” तिनं कागद हातात घेतला, पेनही घेतलं. मग पेन खाली ठेवलं. “पण खोडू कसं, बाबा? शिकतेय ना मी.”

“मग प्रमाणपत्र कुठून आणणार?”

तिला या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. “विचारते,” ती म्हणाली, आणि कागद घेऊन पाठाच्या खोलीत गेली. दार तिनं आतून लोटून घेतलं.

तरी, प्रमाणपत्राबाबत संबंधितांकडे तोंडी विचारणा करण्यात आली असून त्यांचं उत्तर येताच ते जोडून सादर करण्यात येईल, असं मी माझ्या सहीनं शाळेला कळवलं आहे. शाळेनं मुदत वाढवून दिली आहे. अर्ज प्रलंबित आहे.